हॉटेल विकतात म्हणजे नेमकं काय विकतात?

विषय ऐकून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाचा मास्तर हॉटेलांच्या खरेदीविक्रीवर काय बोलणार? पण वस्तू म्हणजे काय आणि मालकी कशाची असते, हे प्रश्न मला पहिल्यांदा वर्गात पडले नाहीत. आमच्या हॉटेलच्या गल्ल्यावर पडले. आणि हॉटेल म्हणजे आपलं मराठीतलं हॉटेल बरं का, चहा-भजी-मिसळीचं.

मिलिंदपन्ह या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतात, रथ म्हणजे काय? चाक? आस? जू? यातलं एकही रथ नाही, आणि हे सगळं बाजूला काढलं तर रथ उरत नाही. आता हॉटेल घ्या. बाकडी, भट्टी, पातेली, कपबश्या. जागा तर बहुधा भाड्याची. मग विकणारा विकतो काय?

इंग्लंडमध्ये 1810 साली लॉर्ड एल्डन या न्यायाधीशांनी याचं एक उत्तर दिलं. जुनं गिऱ्हाईक जुन्या ठिकाणी येत राहील ही शक्यता, म्हणजे गुडविल. शक्यतेला किंमत! आपल्याकडे याला साधा शब्द आहे, ‘चालता धंदा’.

आपल्याकडे या शक्यतेला वेगळंच वळण लागलं ते मुंबई राज्याच्या 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं. भाडी गोठली, पागडी घेणं गुन्हा ठरलं आणि भाडेकरूला आपली जागा दुसऱ्याच्या नावे करायला बंदी आली. मग भाड्याच्या जागेतलं हॉटेल विकायचं कसं? सप्टेंबर 1948 मध्ये सरकारनं अधिसूचना काढून एक दार उघडलं. धंदा चालू स्थितीत, मालासकट आणि गुडविलसकट, पूर्णपणे विकत असाल, तर त्याबरोबर भाडेहक्कही देता येईल.

याचा परिणाम बघा. नुसती जागा देणं बेकायदा, धंद्याबरोबर जागा देणं कायदेशीर. मग कोर्टांपुढे प्रश्न येऊ लागले, की इथं खरंच धंदा विकला, की गुडविलच्या नावाखाली जागाच विकली? म्हणजे नागसेनांचा प्रश्न दिवाणी न्यायाधीशापुढे येऊन उभा राहिला. दुसरी वाट म्हणजे ‘कंडक्टिंग’. धंदा मालकाचाच, चालवणारा दुसरा. पुढे 1999 चा नवा भाडे कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि पागडीची देवघेव कायदेशीर झाली. पण मधली पन्नास वर्षं या कागदांच्या गुंत्यात गेली, आणि त्या गुंत्यात जाणकार मध्यस्थाला महत्त्व आलं.

आमच्या तालुक्याच्या गावी असे एक दलाल होते. फक्त हॉटेलांचे व्यवहार करायचे. ‘दलाल’ हा अरबी शब्द आहे, त्याच्या मुळाशी वाट दाखवण्याचा अर्थ आहे. हे गृहस्थ गल्ल्याच्या वहीवर विश्वास ठेवत नसत. बाजाराच्या दिवशी एकदा आणि आडदिवशी एकदा येऊन कोपऱ्यात बसायचे. दूध किती लिटर येतं, साखर किती लागते, हे गवळ्याला आणि वाण्याला विचारायचे. वही खोटं बोलेल, दूध बोलणार नाही, हा त्यांचा हिशेब. एसटीचा स्टँड हलणार आहे का, हेही आधी काढून ठेवायचे. स्टँड हलला की लॉर्ड एल्डनची शक्यताही हलली!

1963 साली माझ्या वडिलांनी आमचं हॉटेल त्यांच्यामार्फत विकलं. यादी झाली, अगदी झाऱ्यापर्यंत. स्टँपपेपर झाला. घेणारे गृहस्थ परगावचे, बायकोचे दागिने मोडून आलेले. चार महिन्यांनी वडिलांनी स्टेशन रोडला नवीन हॉटेल टाकलं आणि आमचा जुना आचारी तिकडे आला. त्याच्यामागून गिऱ्हाईक आलं. वर्षाच्या आत त्या गृहस्थांनी शटर ओढलं.

यात बेकायदा काही नव्हतं. करार कायदा 1872 चा, त्याचं कलम 27. धंद्याला आडकाठी करणारा करार रद्दबातल, पण गुडविल विकणाऱ्यानं ठरावीक हद्दीत तोच धंदा न करण्याचं कबूल केलं, तर ती अट वाजवी असल्यास चालते. म्हणजे ती अट लिहून घ्यावी लागते. आमच्या कागदात ती नव्हती. दलालांनी झारे मोजले, हे वाक्य लिहिलं नाही. दलाली मात्र दोन्हीकडून घेतली.

पण दलालांना बोल लावून मी सुटत नाही. त्या नव्या हॉटेलच्या पैशावर माझं कॉलेज झालं. वडील म्हणायचे, ‘आचारी काय यादीत होता का?’ नव्हता, आणि माणूस यादीत नसावाच. पण त्याच्या हाताची चव किमतीत धरली होती, हे वडिलांना माहीत होतं. मलाही, तेरा वर्षांच्या पोराला, माहीत होतं.

नागसेन सांगतात, रथ हे भागांच्या आधारानं दिलेलं नाव आहे. मी एवढंच जोडेन, की त्या नावावर विसंबून कुणी पैसे मोजले, की विकणाऱ्यावर जबाबदारी येते, कागदात असो वा नसो. कायदा ही जबाबदारी थोडी मोजतो. उरलेली आपली आपण मोजायची असते. मला ती मोजायला साठ वर्षं लागली.

पुढच्या वेळी सावकारी आणि वचन या विषयावर बोलू.