तळटीप : लंडन ते पॅरिस, विमानाचा वेळ
लेखकाने सुटण्या-पोचण्याच्या वेळांची वजाबाकी करून हा विमानप्रवास सव्वादोन तासांचा ठरवला आहे. मजकूर आम्ही तसाच ठेवला असला, तरी हा हिशेब मान्य करता येत नाही. दोन शहरांमधले सरळ अंतर जेमतेम ३४० किलोमीटर आहे. पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते; तो तास वगळला की सव्वा तास उरतो. परतीच्या वेळांची अशीच वजाबाकी केली, तर प्रवास पाव तासाचा भरेल! घड्याळांतले अंतर सूर्याचेच असणार, असे कोणी म्हणेल. पण रेखांशांप्रमाणे ते दहा मिनिटांहूनही कमी येते. पॅरिसची घड्याळे १९४० मध्ये जर्मन अमलाखाली बर्लिनच्या वेळेला लावली गेली आणि युद्धानंतरही फ्रान्सने तीच वेळ ठेवली. एवढ्या पल्ल्याला सव्वा तासही जास्त वाटेल, हा आक्षेप रास्त आहे. मात्र वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची वाट, परवानगीची प्रतीक्षा, उतरण्याआधीचे वळसे हे सारे त्यात येते. प्रत्यक्ष हवेत विमान सहसा तासाहून कमीच असते.