मोबाइलच्या कडेचा रंग का उडतो? कारखान्यात, वावरात फोन वापरणाऱ्यांनी काय जपावे

नांदगाव पेठ : हप्त्यावर घेतलेला रंगीत मोबाइल. सहा महिन्यांत चार्जिंगच्या छिद्राजवळ पांढरी चंदेरी धातू उघडी पडते, नाहीतर एका बाजूचा रंग फिका दिसू लागतो. फोन चालतो झकास, पण विकायला नेला की दुकानदार आधी कडाच पाहतो आणि भाव पाडतो. हा रंग नेमका कसा बसवलेला असतो, हे कळले तर तो जपताही येतो.

रंग लावलेला नसतो, मुरवलेला असतो

महागड्या फोनची चौकट बहुधा ॲल्युमिनियमची असते. म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘जर्मन’चे भांडे म्हणतात, तीच धातू. ही चौकट सौम्य गंधकाम्लात बुडवून तिच्यातून वीज सोडतात. त्यामुळे धातूवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा कडक थर तयार होतो. या प्रक्रियेला ॲनोडायझिंग म्हणतात. थराला अतिसूक्ष्म छिद्रे असतात. सूत रंगात बुडवावे तसा रंग त्या छिद्रांत मुरवतात आणि शेवटी छिद्रे बंद करतात. हा थर साधारण ५ ते २५ मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही पातळ. तो झिजला की खालची चंदेरी धातू दिसते.

स्टील आणि टायटॅनियमच्या चौकटीवर निर्वात पेटीत धातूच्या वाफेचा पातळ थर चढवतात. स्वस्त फोनची ‘धातूसारखी’ कडा मात्र बरेचदा प्लॅस्टिकची असते, वरून नुसता रंग.

जगभर गाजलेली प्रकरणे

२०१२ साली ॲपलचा काळा आयफोन ५ आला, तेव्हा त्याच्या कडा लवकर खरचटतात, अशी ओरड झाली होती. २०२३ च्या टायटॅनियमच्या आयफोन १५ प्रोवर बोटांच्या तेलाने रंग वेगळा दिसे. तो तात्पुरता असून किंचित ओल्या मऊ कापडाने पुसल्यास पूर्ववत होतो, असे कंपनीनेच सांगितले. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयफोन १७ प्रोच्या नारिंगी रंगाचे काही फोन गुलाबी पडल्याची छायाचित्रे ग्राहकांनी समाजमाध्यमांवर टाकली. संशयाची सुई हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या रसायनांकडे गेली. ब्लीच आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने फोन पुसू नये, असे ॲपलच्या सूचनांतच लिहिलेले आहे.

आपल्याकडचा धोका

नांदगाव पेठच्या एमआयडीसीत वस्त्रोद्योगाचे कारखाने आहेत. सूत-कापड धुण्या-रंगवण्याच्या कामात कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नेहमीचेच. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमचा थर खातो, पेरॉक्साइड रंग उडवू शकते. असा ओला हात फोनला लागू देऊ नये.

संत्र्याच्या बागेतही तेच. बोर्डो मिश्रण प्लॅस्टिकच्या भांड्यातच करायचे असते, आणि त्यात लोखंडी विळा बुडवून लालसर तांबे चढते का ते पाहतात, हे बागायतदारांना ठाऊक आहे. जे मोरचूद विळ्यावर तांबे चढवते, तेच ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पाडते. त्यातला चुनाही या थराला मानवत नाही. फवारणीच्या वेळी फोन खिशात न ठेवता प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला बरा.

घामातले मीठ, कव्हरच्या आत अडकलेली धूळ आणि खिशातल्या किल्ल्या हे रोजचे शत्रू. कव्हर लावले म्हणजे फोन सुरक्षित, असे नाही. आतली रेती पॉलिश पेपरसारखी कडा घासत राहते. उन्हाने काही रंग फिके पडतात. त्यात वऱ्हाडातला ४५ अंशांचा उन्हाळा, म्हणून गाडीच्या डॅशबोर्डवर फोन सोडू नये. तिथे बॅटरीलाही धोका असतो.

काय करावे

- आठवड्यातून एकदा कव्हर काढून दोन्ही मऊ, किंचित ओल्या कापडाने पुसावे.
- डाग चिवट असेल तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा वाइप वापरावा.
- भांड्याची पावडर, धुण्याचा सोडा, लिंबू, टूथपेस्ट लावू नये. डाग जाईल, सोबत रंगही जाईल.
- उडालेला रंग घरी परत बसत नाही. नेलपॉलिश, स्प्रे मारून छिद्रे बुजवू नयेत.

तक्रार कुठे?

वापराने आलेले ओरखडे आणि झीज बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाहीत. पण फोन नवाच असताना, मार नसताना रंग बदलला तर तो निर्मितीदोष असू शकतो. लगेच तारखेसह फोटो काढावेत, बिल जपावे आणि सेवा केंद्राकडून लेखी जॉबशीट घ्यावी. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. त्यानंतर अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत तिथे जावे लागते, आणि मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.