गोदाकाठचा नाथांचा वाडा

या अंकासाठी आम्ही बीबीत घरोघर फिरलो आणि एकच विचारलं, तुम्ही वारीला कोणाबरोबर लागलात? बहुतेकांचं उत्तर एकच निघालं: आज्याबरोबर, नाहीतर आजीच्या बोटाला धरून. बापाचं नाव फार थोड्यांनी घेतलं. आषाढीच्या तोंडावर पेरणी असते, बाप वावरात अडकलेला. मोकळे काय ते आजा-आजी.

हे ऐकताना आम्हाला पैठणचा वाडा आठवत राहिला. नाथषष्ठीला जाणाऱ्या प्रत्येकानं तो पाहिला आहे. गावातलं नाथमंदिर म्हणजेच नाथांचं राहतं घर. पण त्या घराचा इतिहास आम्ही आज्या-आजीकडून सांगणार.

नाथांचे पणजोबा भानुदास महाराज. विजयनगरला नेलेला विठोबा त्यांनी पंढरीला परत आणला, अशी आपली श्रद्धा. म्हणजे या घरात वारी आधीपासूनच मुरलेली. नाथ लहान असतानाच आई-वडील गेले. वडील सूर्यनारायण, आई रुक्मिणी. पोरकं लेकरू वाढवलं ते आजोबा चक्रपाणी आणि आजी सरस्वतीबाईंनी. ते लेकरू साधारण बारा वर्षांचं असताना, कोणाला न सांगता, रात्रीच घरातून निघालं आणि देवगडला जनार्दनस्वामींकडे गेलं.

इथं आमची कीर्तनकारांशी थोडी तक्रार आहे. कीर्तन पोराबरोबर देवगड चढतं, मागं राहिलेल्या दोन म्हाताऱ्या जिवांपाशी कोणी थांबत नाही. आधी मुलगा आणि सून गेली, मग नातू. त्या दोघांनी वर्षं कशी काढली असतील!

शेवटी चक्रपाणींनी स्वतः देवगड गाठला आणि स्वामींच्या हातचं पत्र आणलं. तीर्थयात्रा करून नातू पैठणला आला तेव्हा आजोबांनी ते पत्र त्याच्यापुढं धरलं. आहेस तिथंच राहा, अशी गुरूंची आज्ञा होती. नाथ तिथंच थांबले आणि त्याच जागी पुढं घर उभं राहिलं, असं सांगतात. म्हणजे आज आपण ज्या चौकात डोकं टेकतो ती जागा एका म्हाताऱ्याच्या पायपिटीनं ठरली.

घर आणि गोदावरी यांच्यामधली वाट नाथांच्या रोजच्या स्नानाची. भर उन्हात तापलेल्या वाळूत रडणारं अस्पृश्याचं लेकरू त्यांनी उचलून कडेवर घेतलं ते याच वाळवंटातलं. पोरकेपण सोसलेल्या माणसाला ते रडणं आधी ऐकू आलं असेल, असं आम्हाला वाटतं. याच घरात श्राद्धाचा स्वयंपाक नाथांनी भुकेल्या अस्पृश्यांना वाढला. ब्राह्मण रुसले, तेव्हा पितर स्वतः पानावर येऊन बसले अशी कथा आहे. त्या पंगतीत चक्रपाणी आजोबाही असणारच.

पुढं नाथांचाच मुलगा हरिपंडित बापाशी न पटून काशीला निघून गेला. त्याला आणायला नाथ गेले. वाट पाहणं या घराला दुसऱ्यांदा आलं. मुलीचा मुलगा मुक्तेश्वर मोठा कवी झाला. 1599 साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदाकाठी देह ठेवला.

आता नदी बदलली. 1976 मध्ये जायकवाडीचं धरण झालं, पैठणच्या वर नाथसागर पसरला. आपल्याकडची खडकपूर्णाही शेवटी गोदावरीलाच मिळते.

शेगावच्या श्रींची पालखी पंढरपूरहून परतताना आपल्या गावावरून लोणारला जाते. ज्यांचे पाय थकले ते आजे-आज्या सकाळपासून पाण्याचे हंडे भरून रस्त्याकडेला बसतात. आमची एक आजी त्यांतलीच. एका नाथषष्ठीला तिला पैठणला नेलं होतं. सगळे श्रीखंड्याच्या रांजणाकडं धावले. बुढी मात्र पायरीवर बसून विचारत होती, "नाथाची आजी वाट पाहत कुठं बसायची रे?" आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. मग आम्हीही तिच्याशेजारी बसलो, नदीकडं उशिरा गेलो.