सीमाभागाची भाकरी

इतिहास तख्तांचा लिहिला जातो. भाकरीचा कोण लिहिणार? बहामनींची राजधानी १३४७ मध्ये गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला होती. पंधराव्या शतकात ती बिदरला गेली. मुलूख मात्र ज्वारीवरच जगत राहिला. दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारे रयतेला खुली केली आणि त्या धान्याचे मोल भरायला साक्षात विठ्ठल विठू महाराच्या रूपाने बिदर दरबारी गेला, असे परंपरा सांगते. दाण्याचे मोल या मुलखाने किती जाणले होते, ते या कथेतून कळते.

ज्वारी मूळची आफ्रिकेची. सुदानात तिच्या आंबवलेल्या पिठाची ‘किसरा’ नावाची पातळ पोळी करतात. गव्हातले ग्लूटेन ज्वारीत नसते. त्यामुळे पीठ ताणले जात नाही, फाटते. आपल्या आयाबायांनी यावर तोड काढली: आधणाचे पाणी घालून पीठ मळायचे आणि काठवटीत हाताने थापायचे. मराठी घरात ती भाकरी, कन्नड घरात रोट्टी.

पुढे चपाती प्रतिष्ठेची झाली, भाकरी गरिबाची ठरली. आता गव्हाचे ग्लूटेन न सोसणाऱ्या सीलिअॅकच्या रुग्णाला हीच भाकरी चालते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले. मान मिळाला, आनंद आहे. पण थापणारे हात घरात उरले नाहीत, तर नुसत्या ज्वारीची भाकरी होत नाही.