इंजिन थांबले तरी विमान उडते

उडत्या विमानाचे इंजिन बंद पडले तर काय होईल, असे वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले सांगतील की विमान दगडासारखे खाली येईल. विमानविद्येचा आरंभीचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

१९२९ साली आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास एकट्याने, एका महिन्याच्या आत विमानाने पुरा करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळणार होते. १९३० मध्ये मनमोहन सिंग, आस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. टाटा हे तीन तरुण या स्पर्धेत उतरले. त्यांची विमाने 'जिप्सी मॉथ' जातीची होती. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड, एकावर एक असे दोन पंख आणि इंजिन एकच!

अशा इंजिनाचा दुबळा भाग म्हणजे स्पार्क प्लग. त्यावर तेल आणि काजळी साचली की ठिणगी नीट पडत नाही. म्हणून प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असत आणि त्यांना वीज पुरवणारे मॅग्नेटोही दोन. एक बिघडला तरी दुसऱ्यावर काम भागे. तरीही प्लग निकामी होतच. मग इंजिन साफ थांबले तर?

इंजिन विमानाला पुढे ओढते; त्याला वर तोलून धरतात ते पंख. पंखांवरून हवा वेगाने वाहत राहिली पाहिजे, एवढीच अट. इंजिन थांबताच वैमानिक विमानाचे नाक थोडे खाली करतो. उताराला लागलेल्या सायकलीप्रमाणे विमान उंची खर्च करून वेग टिकवते. समजा, १ मीटर खाली येताना ते ८ मीटर पुढे जाते. मग ६०० मीटर उंचीवरून ते ४.८ किलोमीटर जाईल. म्हणजे उतरण्यासाठी सुमारे ७२ चौरस किलोमीटरचे वर्तुळ हाताशी असेल. उंची निम्मी झाली की क्षेत्र पाव होते, फक्त १८ चौरस किलोमीटर. उंची ही वैमानिकाची शिल्लक!

उदाहरणादाखल बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर घेऊ. हा 'घाटाखालचा' सपाट मुलूख. अशा जुन्या विमानाचा वैमानिक येथे अडचणीत आला, तर त्याला खाली काय दिसेल? रेल्वेचा रूळ दिशा दाखवील, पण शेजारच्या तारा घातक. नळगंगेचे पात्रही टाळायचे. पावसाळ्यात काळ्या मातीत चाके रुततील व विमान नाकावर उलथेल. उभ्या पऱ्हाटीपेक्षा कापणी झालेले, लांब आणि बांध नसलेले शेत बरे. वाऱ्याची दिशा धुरावरून कळेल. उतरण्याचा वेग ताशी ७० किलोमीटर आणि समोरून वारा २० चा असेल, तर जमिनीशी गाठ पडते ती ५० च्या वेगाने. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती जवळजवळ निम्मी होते. या मंद वेगानेच त्या काळच्या अनेकांचे प्राण वाचवले. मे १९३० मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एमी जॉन्सन इंधन संपत आल्यावर झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर उतरल्या, त्याही जिप्सी मॉथमधूनच.

आता पुन्हा स्पर्धेकडे. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते, आस्पी इंग्लंडहून भारताकडे. इजिप्तमधील अबुकीर येथे टाटा उतरले, तर आस्पी तेथेच अडकलेले! त्यांना हवे होते ते साधे स्पार्क प्लग. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. मनमोहन सिंग आधी पोहोचले होते, पण महिन्याची मुदत उलटून गेली होती. बक्षीस आस्पींना मिळाले.

पुढे आस्पी भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले, तेही एकाच इंजिनाच्या विमानातून.

इंजिन दगा देऊ शकते हे या वैमानिकांनी गृहीतच धरले होते. म्हणून ते उंची राखत, खालची जमीन वाचत आणि जादा प्लग जवळ बाळगत. वर्गात कागदी विमान निरनिराळ्या उंचीवरून सोडून अंतरे मोजा. मग गावाच्या नकाशावर मुलांनाच विचारा: इंजिन थांबले, तर तुम्ही कोठे उतराल, आणि का?