दांड्यावरचा पुसट ठसा : जुना पाईप उजळताना काय पुसले जाते?

#थ्रेड

१/
आयरिश फ्री स्टेट.
लाकडी दांड्यावर दाबून उमटवलेले हे तीन शब्द. अक्षरे इतकी बारीक की वाचायला भिंग लागावे. या नावाचे राज्य ६ डिसेंबर १९२२ रोजी अस्तित्वात आले आणि २९ डिसेंबर १९३७ रोजी नव्या राज्यघटनेबरोबर ते नाव मावळले. तेव्हा ज्या तंबाखूच्या पाईपवर हा ठसा आहे, तो स्थूलमानाने त्या पंधरा वर्षांत डब्लिनमध्ये घडला, असे म्हणता येते. कायदा आणि कारखान्यातला ठसा नेमके एकाच दिवशी बदलत नाहीत, म्हणून ‘स्थूलमानाने’.

असा पाईप घरी आणून फिरत्या कापडी चाकावर चकचकीत करायला काही मिनिटे पुरतात. ते तीन शब्द नाहीसे व्हायलाही तेवढाच वेळ लागतो.

२/
जुने, वापरलेले पाईप विकत घेऊन घरच्या घरी साफ करण्याचा छंद युरोप-अमेरिकेत चांगलाच रुजलेला आहे. आज त्याविषयी लिहायचे आहे. धूम्रपानाची भलामण करण्याचा येथे हेतू नाही. ओढणारा कधीच निघून गेलेला असतो आणि मागे वस्तू उरते, आपला संबंध त्या वस्तूशी. साफ करणारा माणूस त्या वस्तूचा शेवटचा वाचक असतो आणि पुष्कळदा तोच तिच्यावरचा मजकूर खोडतो.

३/
वरचा ठसा पीटरसन या डब्लिनच्या पेढीचा. न्युरेम्बर्गहून आलेले काप बंधू आणि लाटव्हियातून आलेला चार्ल्स पीटरसन अशा परदेशी माणसांनी ती उभी केली. धुरातला ओलावा तोंडापर्यंत न येता एका खोबणीत साचावा, अशी रचना करून पीटरसनने १८९० मध्ये तिचे पेटंट घेतले. या पाईपांवर आधी ‘फ्री स्टेट’, मग ‘एर’ आणि १९४९ मध्ये प्रजासत्ताकाचा कायदा लागू झाल्याच्या सुमारास ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ असे ठसे येत गेले. एका राष्ट्राने स्वतःचे नाव किती वेळा बदलले, ते बोटभर लाकडावर वाचता येते.

४/
पण साफसफाईचा इतिहास याहून जुना आहे, आणि तो मातीत सुरू होतो.

सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंड आणि हॉलंडमध्ये पांढऱ्या मातीचे पाईप चालत. स्वस्त, ठिसूळ आणि मोडले की फेकून द्यायचे. तरीही वापरलेला मातीचा पाईप साफ करण्याची एक सुरेख युक्ती खानावळींत होती. लोखंडी कड्यांची, पायांवर उभी राहणारी एक चौकट असे. तिच्यात काजळलेले पाईप आडवे रचायचे आणि ती चौकट भट्टीत किंवा चुलीच्या धगीत ठेवायची. आतला कीट जळून जाई आणि माती पुन्हा पांढरी होऊन बाहेर येई. आपल्याकडच्या चिलमीप्रमाणे हा पाईपही अग्नीतूनच जन्मलेला. त्याला अग्नीचे भय नव्हते.

५/
या फेकलेल्या तुकड्यांनी पुढे पुरातत्त्वाला एक घड्याळ दिले. अमेरिकेतील जेम्सटाउन या जुन्या इंग्रज वसाहतीच्या उत्खननाशी संबंधित असलेले जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले की पाईपच्या नळीचे भोक काळाबरोबर बारीक होत गेले. मोजमापाचे साधन काय, तर सुताराकडे मिळतात तसली ड्रिलची पाती! सतराव्या शतकाच्या दुसऱ्या पावशतकात भोक बहुधा एक इंचाच्या ८/६४ इतके. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ४/६४. १९६२ मध्ये लुईस बिनफर्ड यांनी त्याचे सूत्रच मांडले : भोकांची सरासरी ३८.२६ ने गुणा आणि १९३१.८५ मधून वजा करा. ढिगाऱ्यातल्या तुकड्यांचे सरासरी वर्ष हाती येते. एका तुकड्यावरून काही सिद्ध होत नाही. तुकडे पुष्कळ हवेत.

कोणीही जपून न ठेवलेल्या वस्तूने हे ज्ञान दिले, हे विसरू नये.

६/
आणखी एक खूण अधिक जिव्हाळ्याची आहे. मातीची नळी दातांत धरून दिवसभर काम करणाऱ्यांचे दात झिजत. वरच्या आणि खालच्या दातांत मिळून चक्क एक गोल खाच पडे. इंग्लंडमधल्या जुन्या दफनभूमींतील सांगाड्यांत अशा खाचा सापडतात. तेव्हा पाईप माणसावर खूण सोडत होता. पुढे, आपण पाहूच, हे उलटले.

७/
एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, १८५० च्या दशकात, फ्रान्समधील जुरा पर्वतराजीतल्या सेंट-क्लॉड गावी ब्रायरचा पाईप आकाराला आला. लाकूड कातण्यात हे गाव आधीपासून वाकबगार. ब्रायर म्हणजे भूमध्य सागराकाठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या, एरिका आर्बोरियाच्या, मुळाशी धरणारी गाठ. ती खणून काढतात, कापतात, तासन् तास उकळतात आणि महिनोन् महिने सुकवतात. हे लाकूड दाट असते आणि उष्णता सोसते. सोसते, पण भट्टीत घातले तर जळतेच. खानावळीची जुनी युक्ती येथे निरुपयोगी ठरली आणि सफाईचे वेगळे शास्त्र जन्माला आले.

८/
ते घरगुती शास्त्र असे. तंबाखू भरण्याच्या वाटीत कोळशाचा थर जमतो. तो थोडा हवाच, कारण तोच लाकडाला आचेपासून वाचवतो. पण वाढू दिला तर तापल्यावर तो लाकडापेक्षा वेगळ्या प्रमाणात फुगतो आणि वाटीला तडा जातो. म्हणून पात्याने तो खरवडून जेमतेम मिलिमीटरभर राखायचा. मग वाटीत मीठ किंवा कापूस भरून, वर तीव्र मद्यार्काचे थेंब सोडून रात्रभर ठेवायचे. मद्यार्क लाकडात मुरलेला डांबरी कीट विरघळवतो आणि तो वर मिठात येतो. सकाळी पांढरे मीठ तपकिरी झालेले असते.

येथपर्यंत इतिहासाचे काही बिघडत नाही. मात्र मद्यार्क बाहेर सांडला की जुने लाखेचे पॉलिश आणि रंग उतरतो. अनेक जण हे पहिल्याच पाईपवर शिकतात.

९/
खरी पंचाईत तोंडात धरायच्या काळ्या नळीशी सुरू होते. ती बहुधा एबोनाइटची, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेल्या रबराची. चार्ल्स गुडइयरला रबर-गंधकाच्या प्रक्रियेचे अमेरिकन पेटंट १८४४ मध्ये मिळाले. कडक रबराचे पेटंट त्याचा भाऊ नेल्सन याचे, १८५१ चे. प्रकाश आणि ओलावा लागला की एबोनाइटच्या पृष्ठभागावरचे गंधक हवेशी संयोग पावते. काळी नळी हिरवट-तपकिरी पडते आणि चवीला कडवट लागते. काही जण ती गरम पाण्यात भिजवतात. त्याने रंग आणखीच बिघडतो.

उपाय म्हणून ओला पॉलिश पेपर वापरतात : आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. प्रत्येक फेरीत रबराचा एक पापुद्रा जातो, आणि त्याबरोबर नळीवर दाबलेले कारखान्याचे चिन्हही. लंडनच्या डनहिलचा पांढरा ठिपका नळीत बसवलेला असतो, तो टिकतो. नुसते दाबून रंग भरलेले चिन्ह टिकत नाही.

१०/
एबोनाइट दातांपेक्षा मऊ. म्हणून येथे माणूस पाईपवर खूण सोडतो. नळीच्या टोकाला वर-खाली दोन खळगे पडतात; ओढणारा पाईप उजव्या बाजूला धरी की डाव्या, हेही कधीकधी त्यांवरून कळते. या रबराला आपला मूळ आकार लक्षात राहतो, त्यामुळे मेणबत्तीच्या धगीवर नळी फिरवली की खळगे आपोआप भरून येतात. हे पाहताना जादू वाटते. पण एका अनामिक माणसाची उरलेली बहुधा एकमेव शारीरिक खूण त्या क्षणी मिटते. उपयोगासाठी पाईप हवा असेल तर ते करणे भाग आहे. संग्रहासाठी हवा असेल तर माझ्या मते करू नये.

११/
याउलट उदाहरण मीरशॉमचे. तुर्कस्तानातील एस्किशेहिरच्या खाणींतून निघणारे हे मऊ पांढरे खनिज व्हिएन्नाच्या कारागिरांनी कोरून कोरून नावारूपाला आणले. त्याला मधमाशीच्या मेणात घोळवतात. वापराबरोबर ते पिवळे, मग मधाळ, मग गडद तपकिरी होत जाते, आणि त्या रंगासाठीच त्याची किंमत वाढते. मीरशॉम पुन्हा पांढरे करण्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. वापराची खूण एका वस्तूत दोष आणि दुसरीत वैभव कशी ठरते, याचे उत्तर पदार्थात नाही, पाहणाऱ्यात आहे.

१२/
दांड्याच्या टोकाला चांदीचे कडे असेल तर थांबावे. बर्मिंगहॅमच्या हॉलमार्कात नांगर, लंडनच्या हॉलमार्कात बिबट्याचे मुख, डब्लिनच्या हॉलमार्कात हिबर्निया ही स्त्रीमूर्ती आणि मुकुट घातलेली वीणा. सोबत वर्ष सांगणारे एक अक्षर. हे अक्षर शाबूत असले की पाईपचे वर्ष जवळजवळ हाती आले. चांदी उजळवण्याच्या खरखरीत लेपाने प्रत्येक वेळी थोडी चांदी निघते, आणि उठावाच्या कडा आधी झिजतात.

एक सापळाही आहे. पीटरसनच्या निकेलच्या कड्यांवर शॅमरॉकचे पान, शिकारी कुत्रा आणि गोल मनोरा अशी तीन चित्रे असतात. ती हॉलमार्कसारखी दिसतात, पण निव्वळ शोभेची आहेत. त्यांवरून वर्ष काढू नये.

१३/
दांड्यावर नुसता देशाचा उल्लेख असला तरी तो बोलतो. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव बंधनकारक केले. त्यामुळे ‘इंग्लंड’ किंवा ‘फ्रान्स’ असा ठसा दिसला की पाईप बहुधा त्यानंतरचा मानतात. जकातीचे राजकारण असे लाकडावर उतरले.

१४/
आपल्याकडे शिवराईचे हेच झाले. तांब्याचे नाणे चिंचेने किंवा लिंबाने घासून लालभडक केले, की आधीच पुसट असलेली अक्षरे आणखी पुसट होतात आणि काळाने चढवलेला थर कायमचा जातो. नाणेसंग्राहक हे कळकळीने सांगत असतात. तरी दर प्रदर्शनात तशी चकाकणारी शिवराई दिसतेच.

१५/
मग करावे काय? हातात आलेला पाईप आधी कशालाही न लावता तिरप्या उजेडात धरावा. विजेरी आडवी धरली की डोळ्यांना न दिसणारा ठसा सावलीमुळे उठून येतो. दांड्याची डावी बाजू, उजवी बाजू, तळ, नळीचे टोक आणि कडे यांची छायाचित्रे घ्यावीत. नंतर ठशावर कागदी चिकटपट्टी लावावी आणि मगच पॉलिश पेपर हातात घ्यावा. ठशाच्या जागी चाक लावूच नये. मऊ फडक्याने हातानेच मेण द्यावे. मेण कार्नोबाचे असावे. ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरचे हे मेण ८० अंश सेल्सिअसच्या वर वितळते. मधमाशीचे मेण ६२-६४ अंशांनाच वितळते, म्हणून ते तापलेल्या पाईपवर चिकट होते.

वाटीची काठ एका बाजूने करपलेली असेल तर ती घासून सपाट करण्याचा मोह होतो. तेथेही माझा हात आखडतो. काडी नेहमी त्याच बाजूने लावली जात होती, एवढे तरी त्या करपलेल्या काठेवरून कळते.