सर्पगंधेची मुळी आणि रक्तवाहिन्यांचा विकार

आपला उत्तर कन्नड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि आजचा जोयडा तालुका तेव्हा सुपे तालुका म्हणून ओळखला जाई. त्या काळी जी मुंबई आपली राजधानी होती, तिथेच १९४९ साली एका रानमुळीने रक्तवाहिन्यांच्या विकारावरील संशोधनाला नवी दिशा दिली. ही मुळी सर्पगंधेची. पश्चिम घाटाच्या दमट रानांत ती उगवते. म्हणून तिची हकीकत आपल्याला परकी नाही.

शेजारच्या गोव्यात १५६३ साली गार्सिया द ओर्ता यांचा औषधींवरील पोर्तुगीज ग्रंथ छापला गेला. त्यात सर्पदंशावरील ‘सापाच्या लाकडा’चे वर्णन आहे, ते सर्पगंधेचेच असावे, असे काही अभ्यासक मानतात. सर्पदंश, निद्रानाश व उन्माद यांवर ही मुळी परंपरेने दिली जाई. रक्तदाब मोजण्याचे साधन मात्र आपल्या पूर्वजांपाशी नव्हते. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वाढलेल्या रक्तदाबावरील तिचा गुण लिहून ठेवला. त्याच वर्षी सलीमुज्जमान सिद्दीकी व रफत हुसेन सिद्दीकी यांनी दिल्लीत तिच्यातील द्रव्ये वेगळी केली.

पुढचे पाऊल मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी टाकले. त्यांनी ५० रुग्णांवर या मुळीचा प्रयोग करून, रक्तदाबाच्या नोंदी ठेवून, १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले ते या निबंधाने. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य निराळे करण्यात आले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार लाभला.

तथापि एक प्रश्न उरला होता. रक्तदाब उतरवल्याने रोग्याचे आयुष्य खरोखर वाचते काय? वाढलेला दाब धमनीच्या आतल्या अस्तराला इजा करतो. तिथे चरबी साचते, भिंत जाड व ताठर होते. हे सारे वर्षानुवर्षे वेदनेवाचून चालते. १९४८ पासून अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावात झालेल्या पाहणीने रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध दाखवला. १९६७ साली अमेरिकेतील माजी सैनिकांवरील प्रयोगाने वरील प्रश्नाचे उत्तर दिले. तीव्र रक्तदाबाच्या १४३ पुरुषांपैकी निम्म्यांना रेसर्पिनसह तीन औषधे दिली, उरलेल्यांना निरुपद्रवी गोळ्या. औषध न मिळालेल्यांत गंभीर उपद्रव २७, मिळालेल्यांत अवघे २.

आज रेसर्पिन मागे पडले आहे. उदासीनता हा त्याचा दोष मानला गेला आणि अधिक सोयीची औषधे आली. अतिखोदाईमुळे सर्पगंधाही विरळ झाली असून १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. मुळीतील द्रव्याचे प्रमाण झाडागणिक बदलते. म्हणून रानातली मुळी उगाळून घेणे धोक्याचे.

आमच्या मते या इतिहासाचा आपल्या घरांशी सरळ संबंध आहे. ‘आता बरे वाटते’ म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करणारी वडीलधारी माणसे आपल्यांत कमी नाहीत. बरे वाटणे आणि धमनी सुरक्षित असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुळीचा गुण जगाला पटला तो मोजणीमुळे. आपणही महिन्यातून एकदा दाब मोजून त्याचा आकडा वहीत लिहून ठेवावा.